रस्ता कोणाचा? : सायकलस्वार, कायदा आणि डच नागरिकांची चळवळ

सायकल हें वाहन इतकें साधें आहे कीं, त्याच्या संबंधांत कायद्याची चर्चा करावयाची म्हटलें तर प्रथम थोडें नवलच वाटतें. दोन चाकें, एक सांखळी, एक बैठक आणि बसणाराच्या पायांचें बळ, एवढ्यावर तें चालतें. त्याला तेल लागत नाहीं, तें धूर सोडीत नाहीं, आणि जिन्याखालच्या अरुंद जागेंतहि तें निमूटपणें उभें राहतें. दूध पोंचविणारा गवळी, पहाटे वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, पाळीवर जाणारा कामगार, दप्तर अडकवून शाळेस निघालेली मुलगी, अशा कितीएकांचा दिवस या वाहनावरच सुरू होतो. परंतु तेंच वाहन गल्लींतून हमरस्त्यावर आलें कीं, त्याचा साधेपणा हाच त्याचा दुबळेपणा ठरतो.

सायकलीचें वजन पंधरा-वीस किलो. मोटारीचें हजार किलोंहून अधिक. त्यांत वेगाची भर पडते. धांवत्या वस्तूच्या अंगीं असलेली शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते; म्हणजे ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या मोटारीच्या मानानें ५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या त्याच मोटारीचा आघात जवळजवळ पावणेतीनपट होतो. मोटारींत बसणाराच्या भोंवतीं पोलादी पत्र्याची भिंत असते. सायकलस्वाराच्या भोंवतीं अंगांतल्या सदऱ्याखेरीज कांहीं नसतें. दोघांची धडक झाली तर एकाच्या वाहनाच्या रंगाला ओरखडा पडतो आणि दुसऱ्याच्या प्राणाशीं गांठ येते. अशा विषम सामन्यांत "नियम दोघांनाहि सारखे" एवढें म्हटल्यानें न्याय होतो काय, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचें उत्तर एका लहानशा राष्ट्रानें फार विचारपूर्वक व फार किंमत देऊन शोधलें. तें राष्ट्र म्हणजे हॉलंड, अर्थात् नेदरलँड्स. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटलें आहे आणि वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती, त्याच लोकांचा हा देश.

आज हॉलंडमध्यें माणसांपेक्षां सायकली अधिक आहेत. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास, तर सायकली दोन कोटींच्या बऱ्याच वर. हें ऐकून पुष्कळांचा असा समज होतो कीं, तेथील भूमि सपाट आहे, हवा थंड आहे, म्हणून तेथें सायकल आपोआपच रुजली. भूमि सपाट आहे हें खरें. परंतु ती १९६० सालींहि तितकीच सपाट होती, आणि तरीहि त्या दशकांत तेथील रस्त्यांवरून सायकल झपाट्यानें हटत होती. तेव्हां केवळ भूगोलानें हा प्रश्न सुटत नाहीं. तो उलगडण्यास इतिहासाकडे वळलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल ही हॉलंडमध्यें सुखवस्तु लोकांच्या करमणुकीची वस्तु होती. १८८३ सालीं तेथील सायकलस्वारांनीं आपला एक संघ स्थापिला, ए. एन. डब्ल्यू. बी. या आद्याक्षरांनीं तो प्रसिद्ध आहे. १८८५ सालीं उट्रेख्त शहरांतील मालीबान या वृक्षराजीच्या रस्त्यावर सायकलींसाठीं स्वतंत्र पट्टा राखण्यांत आला. पुढें सायकल स्वस्त झाली आणि कामकरी वर्गाचें नित्याचें वाहन बनली. सरकारचें लक्षहि तिच्याकडे गेलें. पण तें प्रथम कराच्या निमित्तानें. १९२४ पासून प्रत्येक सायकलीवर वर्षाला तीन गिल्डर कर बसला आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा एक बिल्ला बाळगावा लागे. ज्यांना कर परवडत नसे अशा गरिबांना बिल्ला फुकट मिळे, परंतु त्याला मध्यें एक भोंक पाडलेलें असे, म्हणजे गरिबी चारचौघांत दिसावी! हा कर १९४१ सालीं उठला. महाराष्ट्रांतील ज्या वडीलधाऱ्यांनीं नगरपालिकेचा सायकलीचा बिल्ला पाहिला आहे, त्यांना ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

दुसरें महायुद्ध संपल्यावर देशांत सुबत्ता आली आणि तिच्या पाठोपाठ मोटार आली. जुन्या शहरांचे अरुंद रस्ते मोटारींनीं भरून गेले. चौकांचे वाहनतळ झाले. कांहीं कालवे बुजवून त्यांचे रस्ते करण्यांत आले. १९६७ सालीं डेव्हिड योकिनन या अमेरिकन वाहतूक-तज्ज्ञानें ॲम्स्टरडॅमसाठीं अशी योजना मांडली कीं, दाट वस्तीचे जुने मोहल्ले पाडून शहराच्या गाभ्यांत मोठाले मोटाररस्ते आणावे. ती योजना अमलांत आली नाहीं; परंतु त्या काळचा वारा कोणत्या दिशेनें वाहत होता हें तिच्यावरून समजतें. सायकल म्हणजे मागासलेपणा, मोटार म्हणजे प्रगति, असें समीकरणच होऊन बसलें होतें.

या प्रगतीचा हिशेब माणसांच्या प्राणांनीं चुकता होत होता. १९७१ या एका वर्षांत हॉलंडमधील रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसें दगावलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. शाळेस पायीं अगर सायकलीवर निघालेलें मूल संध्याकाळीं परत येईल कीं नाहीं, याची धास्ती आईबापांना वाटूं लागली. व्हिक लांगेनहॉफ नांवाच्या एका पत्रकाराची मुलगी याच वर्षीं शाळेच्या वाटेवर अपघातांत गेली. १९७२ सालीं त्यानें 'डे टाइड' या आपल्या पत्रांत एक लेख लिहिला. त्याचा मथळा होता 'स्टॉप दे किंडरमोर्द', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. अपघात हा दैवाचा खेळ आहे असें समाज मानीत होता. या मथळ्यानें त्याला सुनावलें कीं हें दैव नव्हे, ही कृति आहे, आणि कृति म्हटली कीं तिचा कर्ता असतो व ती थांबवितां येते. एका बापाच्या दुःखाला राष्ट्रानें साद दिली, आणि त्याच नांवाची संघटना उभी राहिली. मार्ट्ये व्हॅन पुटेन ही तरुण स्त्री तिची पहिली अध्यक्षा झाली. पुढें ती युरोपीय पार्लमेंटची सभासद झाली.

या चळवळीची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. तिनें जाळपोळ केली नाहीं कीं कोणाच्या मोटारी फोडल्या नाहींत. ज्या जागीं वारंवार अपघात होत, तेथें जाऊन स्त्रीपुरुष ठाण मांडून बसत. कांहीं दिवस ठरवून गल्ल्या मोटारींना बंद करीत आणि त्या मुलांना खेळावयास मोकळ्या करून देत. रस्त्याच्या मधोमध मेज मांडून शेजारीपाजारी एकत्र जेवावयास बसत. पंतप्रधान योप देन आउल यांच्या घरापर्यंत सायकलींवर जाऊन त्यांनीं गाणीं म्हटलीं आणि मुलांसाठीं सुरक्षित रस्ते मागितले. या सर्वांचा अर्थ एकच होता : रस्ता हा केवळ वाहनें धांवण्याचा नळ नव्हे, तो शेजाराचा एक भाग आहे, आणि त्यावर मुलाचा हक्क मोटारीच्या हक्काहून हलका नाहीं. पुढें सरकारनेंच या संस्थेला अनुदान दिलें. मागणाराच्या हातांत दगड नव्हता, पण पाठीशीं सत्य होतें. म्हणून दार उघडलें.

याच सुमारास काळानेंहि हात दिला. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली, आणि डच सरकारनें ४ नोव्हेंबर १९७३ पासून कांहीं रविवार मोटारबंदीचे ठरविले. त्या रविवारीं हमरस्त्यांवर माणसें चालूं लागलीं, मुलें सायकली फिरवूं लागलीं. शहर मोटारीवांचून कसें दिसतें आणि कसें ऐकूं येतें, याचा अनुभव एका सबंध राष्ट्राला घरबसल्या मिळाला. तेल पुढें पुन्हां आलें. परंतु तो अनुभव पुसला गेला नाहीं.

१९७५ सालीं सायकलस्वारांचा एक नवा संघ निघाला. जुना ए. एन. डब्ल्यू. बी. संघ आतां बव्हंशीं मोटारवाल्यांचा झाला होता. म्हणून नव्या मंडळींनीं आपलें नांव मुद्दाम 'खरा डच सायकलस्वार संघ' असें ठेवलें. जुन्या संघाला हा टोला झोंबला, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊन नव्या संघाला नांव बदलावें लागलें. परंतु या भांडणानेंच त्याची कीर्ति गांवोगांव पोंचली. आज तो 'फीत्सर्सबोंड' या नांवानें ओळखला जातो. त्याचें बळ सभांतील भाषणांत नसून शाखांच्या बारीक कामांत आहे. गांवोगांवचे सभासद आपल्या गांवांतील धोक्याचीं वळणें, खड्डे, अंधारे पूल, चुकीच्या जागीं लावलेले खांब यांची टिपणें काढतात आणि तीं नगरपालिकेपुढें ठेवतात. रस्ता आंखणारा अभियंता कागदावर बसलेला असतो. त्या रस्त्यानें रोज जाणारा मात्र सायकलीवर बसलेला असतो. दोघांची गांठ घालून देणें हेंच या संघाचें मुख्य कार्य होय.

आतां कायद्याकडे वळूं. पहिला महत्त्वाचा बदल १९७६ सालचा. डेल्फ्ट शहरांत कांहीं वस्त्यांमधून रस्त्याची फरसबंदी बदलून, झाडें व बांकें मध्यें आणून, मोटारीला सरळ धांवणें अशक्य करण्याचा प्रयोग झाला होता. अशा गल्लीला 'वूनएर्फ', म्हणजे जणूं घराचें अंगणच, असें नांव पडलें. १९७६ सालीं तिला कायद्याचें अधिष्ठान मिळालें. तेथें पादचारी सबंध रस्ता वापरूं शकतो, मुलें रस्त्यावर खेळूं शकतात, आणि मोटारीला चालत्या माणसाच्या गतीनें जावें लागतें. म्हणजे यजमान माणूस, आणि मोटार पाहुणी. पुढें १९८० नंतरच्या दशकांत वस्तीच्या रस्त्यांवर ताशीं ३० किलोमीटरची मर्यादा घालण्याची सोय कायद्यांत आली. आणि डिसेंबर २०२३ मध्यें ॲम्स्टरडॅमनें आपल्या बहुतेक रस्त्यांना तीच मर्यादा लागू केली.

दुसरा बदल नुकसानभरपाईचा, आणि तो सर्वांत मूलगामी आहे. सामान्य कायद्याप्रमाणें ज्याला इजा झाली त्यानेंच दुसऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा असतो. इस्पितळांत पडलेल्या माणसानें साक्षीपुरावा कोठून आणावा? डच कायद्यानें हें ओझें फिरविलें. १९३५ च्या आणि पुढें १९९४ च्या रस्तेवाहतूक कायद्यांत असें तत्त्व आहे कीं, मोटारीची धडक पादचाऱ्यास किंवा सायकलस्वारास बसली, तर नुकसानीची जबाबदारी मोटारवाल्यावर. तींतून सुटावयाचें तर अपघात आपल्या हातीं सर्वथैव अटळ होता हें त्यानें सिद्ध केलें पाहिजे. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें याला अधिक स्पष्ट रूप दिलें. जखमी मूल चौदा वर्षांखालील असेल तर त्याची संपूर्ण भरपाई द्यावयाची, मग मुलाची चूक असो वा नसो. कारण मूल चुकणारच, हें ध्यानीं धरून मोटार हांकणें हेंच मोठ्या माणसाचें कर्तव्य. चौदा वर्षांवरील व्यक्तीची कांहीं चूक असली तरी निदान निम्मी भरपाई तिला मिळते. जाणूनबुजून किंवा जवळजवळ जाणूनबुजून केलेल्या अविचाराला मात्र हें संरक्षण नाहीं.

या नियमाविषयीं एक गैरसमज होतो, तो दूर केला पाहिजे. मोटारवाला प्रत्येक वेळीं गुन्हेगार ठरतो असा याचा अर्थ नव्हे. शिक्षेचा प्रश्न वेगळा. तेथें अपराध सिद्धच करावा लागतो. हा प्रश्न पैशाचा आहे, आणि पैसा बहुधा विमा कंपनी देते. ज्यानें जड व वेगवान यंत्र रस्त्यावर आणून धोका निर्माण केला, त्यानें त्या धोक्याचा खर्चहि सोसावा, एवढाच यांतील न्याय आहे.

तिसरी सुधारणा चौकांतली. हॉलंडमध्यें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें जातात, आणि जेथें खूण किंवा दिवा नाहीं अशा चौकांत उजवीकडून येणाराला वाट द्यावी असा नियम आहे. परंतु सायकलस्वार उजवीकडून आला तरी मोटारीनें त्याच्यासाठीं थांबण्याचें कारण नव्हतें. १ मे २००१ रोजीं हा भेद संपला, आणि उजवीकडून येणाऱ्या सायकलीलाहि मोटारीइतकाच मान मिळाला. त्याआधीं, १५ डिसेंबर १९९९ रोजीं, गांवांतील बहुतेक ठिकाणीं इंजिनाच्या दुचाकींना सायकलपट्ट्यावरून काढून मुख्य रस्त्यावर आणलें गेलें. दोन सायकलस्वारांनीं शेजारीशेजारी जाण्यासहि तेथें कायद्याची मोकळीक आहे. आई आपल्या मुलाला बाजूला घेऊन शाळेपर्यंत सोबत करूं शकते.

हक्कांबरोबर कर्तव्येंहि आलीं. अंधारांत पुढें व मागें दिवा लावणें, वळतांना हात दाखविणें, लाल दिव्यापाशीं थांबणें, हें सायकलस्वारालाहि बंधनकारक आहे, आणि चुकल्यास दंड भरावा लागतो. १ जुलै २०१९ पासून सायकल चालवितांना हातांत भ्रमणध्वनि धरण्यासहि मनाई झाली. ज्याला रस्त्यावर मान हवा त्यानें रस्त्याची शिस्त पाळली पाहिजे, हें या चळवळीनें कधींहि नाकारलें नाहीं.

परंतु नुसत्या कायद्यानें कांहीं होत नाहीं. रस्त्याची घडणहि बदलावी लागते. १९७५ नंतर हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत सरकारी खर्चानें एकेक उत्तम सायकलमार्ग बांधण्यांत आला. हेगमध्यें दुकानदारांनीं विरोध केला. मार्ग झाले, त्यांवर गर्दीहि झाली. पण ही गर्दी पुष्कळशी शेजारच्या रस्त्यांवरून इकडे वळलेली होती. एकटा मार्ग कितीहि चांगला असला तरी तो घरापासून शाळेपर्यंत पोंचत नसेल, तर नवा माणूस सायकल काढीत नाहीं. हा धडा घेऊन डेल्फ्ट शहरानें १९८० नंतरच्या दशकांत सबंध शहराचें जाळें विणलें : लांब पल्ल्याचे मार्ग, मोहल्ल्यांचे मार्ग आणि गल्ल्यांचे मार्ग एकमेकांस जोडून. तेथें सायकलींचा वापर खरोखर वाढला. दोरा एकच असेल तर तो दोराच राहतो. आडवेउभे धागे गुंफले म्हणजेच वस्त्र होतें.

फळ काय मिळालें? १९७१ सालीं जेथें चारशेंहून अधिक मुलें रस्त्यावर मृत्यु पावलीं, तेथें २०१० सालीं ही संख्या चौदावर आली. तथापि काम संपलें असें डच लोक स्वतःहि म्हणत नाहींत. २०२२ सालीं तेथें २९१ सायकलस्वारांना प्राण गमवावे लागले, आणि त्यांत वृद्धांचें प्रमाण मोठें होतें. विजेवर चालणाऱ्या सायकलींनीं म्हातारपणींहि दूर जाणें शक्य केलें, पण वेगहि वाढविला. म्हणून तेथील संघ आतां वृद्धांच्या सुरक्षिततेकडे वळला आहे.

या कथेचा महाराष्ट्राशीं संबंध काय, असें कोणी विचारील. पुणें हें एकेकाळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर ओळखलें जाई. तेथेंहि मोटारी व इंजिनाच्या दुचाकी वाढल्या आणि सायकल कडेला लोटली गेली. जें १९६० नंतर ॲम्स्टरडॅममध्यें झालें तेंच. २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेनें शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, म्हणजे जाळें विणण्याची कल्पना कागदावर उतरली आहे. २०११ च्या जनगणनेंत देशांतील शेंकडा सुमारे ४५ कुटुंबांपाशीं सायकल असल्याचें आढळलें. तेव्हां हा मूठभर हौशी लोकांचा प्रश्न नव्हे. १९८९ च्या रस्त्यावरील नियमांतच पायवाट अगर सायकलमार्ग यांवर मोटार घालूं नये असें सांगितलेलें होतें. पण ज्या पट्ट्यावर मोटारी उभ्या आहेत आणि दुकानें पसरलीं आहेत, त्याचें रक्षण केवळ नियमाचे शब्द करूं शकत नाहींत.

भरपाईच्या बाबतींतहि भारतीय कायदा अगदीं कोरा नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली आणि तिचा संबंधित भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें मोटारीच्या अपघातांत मृत्यु आल्यास पांच लाख रुपये आणि गंभीर इजा झाल्यास अडीच लाख रुपये, कोणाची चूक हें सिद्ध न करतां, मागतां येतात. वाहन पळून गेलें आणि त्याचा पत्ता लागला नाहीं, तर मृत्यूस दोन लाख व गंभीर इजेस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. याहून अधिक भरपाई हवी असेल तर मात्र निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागतो. डच कायद्याशीं तुलना करतां फरक ध्यानांत येतो : तेथें तत्त्वाला रकमेची सीमा नाहीं, येथें आहे; तेथें मुलाला वेगळें संरक्षण आहे, येथें तें नाहीं. म्हणजे पाया घातलेला आहे, भिंती उभारावयाच्या आहेत.

त्या कोणी उभाराव्या? हॉलंडचा अनुभव असें सांगतो कीं, सरकार आपण होऊन उठत नाहीं आणि नुसत्या संतापानेंहि उठत नाहीं. तें उठतें, जेव्हां एखाद्या पेठेंतील आईबाप, शाळेंतील शिक्षक, कारखान्यांतील कामगार एकत्र येऊन आपल्या वाटेवरील धोक्याची जागा नेमकी दाखवितात, तिचा उपाय सुचवितात, आणि तो होईपर्यंत दरमहा पुन्हां जाऊन विचारतात. चौकांत एक उंचवटा, पुलावर एक दिवा, शाळेपुढें वेगाची एक मर्यादा, इतक्या लहान गोष्टींपासून आरंभ होतो. कायदा त्यांच्या मागून येतो आणि त्यांना कायम करतो. शाळेला निघालेल्या मुलीची सायकल संध्याकाळीं जिन्याखालीं परत येऊन उभी राहणें, हेंच या सर्व खटाटोपाचें माप होय.